रेडिओ निवेदनाचा कोर्स: निवडताना काय विचारावं, घरी काय घोटावं

कोर्सची चौकशी करायला गेलात की फीच्या आधी एक गोष्ट विचारा: कोर्स संपेपर्यंत मला माइकसमोर एकूण किती मिनिटं मिळणार? तीस जणांची बॅच आणि दोन तासांचं सत्र असेल, तर एकही मिनिट व्याख्यानात न घालवता प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटं येतात. निम्मा वेळ व्याख्यानात गेला तर दोनच. निवेदन कानाने आणि तोंडाने शिकायचं काम आहे, वह्या भरून ते येत नाही. दहा-बारा जणांची बॅच, प्रत्येक सत्रात प्रत्येकाचं रेकॉर्डिंग, ते सगळ्यांसमोर ऐकवून चुका दाखवणारा आणि स्वतः प्रसारणात काम केलेला शिक्षक, एवढं असेल तर इमारत साधी असली तरी चालेल. तुमचं रेकॉर्डिंग तुम्हाला घरी नेऊ देतात का, हेही विचारा. नोकरीची हमी छापणाऱ्या जाहिरातीपासून मात्र लांब राहा, कारण ही हमी देणं कुठल्याही क्लासच्या हातात नसतं.

त्याआधी आपल्याला नेमकं कुठे बोलायचंय हे ठरवा, कारण वाटा वेगळ्या आहेत.

आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक, म्हणजे गरजेप्रमाणे ड्यूटीला बोलावला जाणारा निवेदक व्हायचं असेल तर खासगी कोर्सचं प्रमाणपत्र तिथे प्रवेशपत्र ठरत नाही. केंद्र जाहिरात काढतं. मग लेखी परीक्षा, ध्वनिचाचणी आणि मुलाखत होते. निवड झालेल्यांना ‘वाणी’ हे प्रसार भारतीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि त्यानंतर ड्यूट्या मिळू लागतात. महिन्याला जास्तीत जास्त सहा, त्यामुळे याकडे पगारी नोकरी म्हणून पाहू नका. जाहिराती रोज येत नाहीत. आपल्या जवळच्या केंद्राच्या सूचनांवर आणि प्रसार भारतीच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा.

खासगी एफएमवर सॅम्पल, म्हणजे तुमच्या आवाजाचं नमुन्याचं रेकॉर्डिंग ऐकून निवड होते. तिथे स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, फक्त आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. म्हणून वृत्तनिवेदन शिकायचं असेल तर खासगी एफएमसाठी घडवलेला कोर्स उपयोगाचा नाही.

तिसरी वाट कम्युनिटी रेडिओची, म्हणजे विद्यापीठं किंवा संस्था आसपासच्या लोकांसाठी चालवतात त्या छोट्या केंद्रांची, आणि शिकणाऱ्यासाठी आमच्या मते हीच सर्वांत चांगली. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’, मुंबई विद्यापीठाचा ‘मस्ट रेडिओ’, म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ ही आपल्याकडची केंद्रं. अशा केंद्राचा ट्रान्समीटर छोटा असतो आणि आवाज साधारण पाच-दहा किलोमीटरपर्यंतच पोचतो. पण निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार करावे लागत असल्याने बोलणाऱ्या, मुलाखती घेणाऱ्या, संकलन करणाऱ्या माणसांची तिथे कायम गरज असते. जवळ असं केंद्र असेल तर कोर्स सुरू असतानाच तिथे जाऊन विचारा.

आता उच्चार. मराठी ध्वनिचाचणीत माणसं सर्वाधिक अडखळतात ती इथे. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत, तालव्य (जीभ टाळूला लागून) आणि दंततालव्य (जीभ वरच्या दातांमागे लागून), आणि लिपीत ते वेगळे दिसत नाहीत. हे वाक्य मोठ्याने वाचा: ‘चार चाकांची जुनी गाडी माझ्या झाडाजवळ उभी आहे.’ ‘चार’मधला च तालव्य, म्हणजे ‘चंद्र’सारखा. ‘चाकां’मधला दंततालव्य, ‘चोर’सारखा. लगेच ‘ची’ पुन्हा तालव्य. ‘जुनी’ आणि ‘झाडाजवळ’मधले ज-झ दंततालव्य, पण ‘माझ्या’मधला झ तालव्य. हिंदी ऐकत वाढलेली जीभ हे सगळे उच्चार एकसारखे करून टाकते. तसंच ‘वेळ-वेल’, ‘मण-मन’, ‘काळा-काला’ या जोड्या घोटा. रोज वर्तमानपत्रातला एक परिच्छेद घ्या, च-ज-झखाली पेन्सिलीने खुणा करा, वाचून रेकॉर्ड करा आणि खुणांवर बोट ठेवून ऐका. ज्या कोर्समध्ये हे कोणी कान धरून तपासत नाही, तो मराठी निवेदनासाठी अपुरा आहे.

वेगाचं गणित साधं आहे. बातम्या मिनिटाला 110 ते 120 शब्दांच्या आसपास ठेवा, त्याच वेगाने अर्ध्या मिनिटाची लिंक, म्हणजे दोन गाण्यांमधलं निवेदन, 55 ते 60 शब्दांची. गाण्याच्या सुरुवातीच्या संगीतावर बोलायचं असेल तर गायकाचा आवाज कितव्या सेकंदाला सुरू होतो ते आधी मोजा आणि त्याच्या दोन सेकंद आधी थांबा. गायकाच्या पहिल्या शब्दावर निवेदकाचा शेवटचा शब्द आदळणं ही नवख्यांची नेहमीची चूक. वाक्य लांबलेलं असतं आणि ते मध्येच तोडायला जीव होत नाही.

संहिता एका बाजूलाच छापा आणि पानांना पिन मारू नका. पान उलटलं की खरखर माइक पकडतो, म्हणून वाचून झालेलं पान अलगद बाजूला सरकवा. वाक्य पानाच्या शेवटी तुटू देऊ नका. आकडे अक्षरी लिहा. ‘2,35,000’ समोर आलं की नजर क्षणभर अडते आणि तो अडखळा ऐकू येतो.

माइक तोंडापासून साधारण एक वीत, म्हणजे 15 ते 20 सेंटीमीटर. प, फ, ब, भ म्हणताना श्वासाचा झोत थेट पडला तर ‘भप्’ असा धक्का बसतो, म्हणून माइक किंचित बाजूला वळवा आणि त्याच्या अंगावरून बोला. फार जवळ गेलात तर आवाज घुमतो, दूर गेलात तर खोलीतला प्रतिध्वनी ऐकू येतो.

घरच्या सरावासाठी मोबाइल आणि ‘ऑडॅसिटी’ हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. कपड्यांचं उघडं कपाट समोर ठेवून, पंखा बंद करून रेकॉर्ड करा. सर्वांत मोठ्या आवाजाची पातळी सॉफ्टवेअरच्या मीटरवर उणे सहा डेसिबलच्या आसपास ठेवा. शून्याला टेकून फाटलेला आवाज नंतर नीट दुरुस्त होत नाही. श्वासासाठी एकच व्यायाम नियमाने करा: पोटातून श्वास घ्या आणि ‘स्‌’ असा एकसारखा सोडा. वीस सेकंद न थरथरता जमलं की लांब वाक्यांची भीती जाते. रेकॉर्डिंगआधी पोट भरून जेवू नका. घसा सारखा खाकरण्यापेक्षा साध्या पाण्याचा घोट घ्या.

खासगी एफएमला पाठवायचं सॅम्पल दोन-तीन मिनिटांचं करा. पहिल्या पंधरा सेकंदांत तुमचा स्वाभाविक आवाज यावा, नाव-शिक्षण सांगण्यात ते घालवू नका. दोन लिंक, श्रोत्याशी एक संभाषण आणि एक छोटी जाहिरात पुरे. पार्श्वसंगीत इतकं हळू ठेवा, की मोबाइलच्या छोट्या स्पीकरवरही तुमचा शब्द न् शब्द कळला पाहिजे. पाठवण्याआधी तिथेच एकदा लावून ऐका.