संगिनीवरची कानस कोणाची?

जुनी लष्करी पाती ओळखायला शिकायची असतील तर सुरुवात ब्रिटिशांच्या १९०७ पॅटर्नच्या संगिनीपासून करा, असे मी प्रत्येक नवख्याला सांगतो. ली-एन्फील्ड रायफलीवर चढणारी, १७ इंच पात्याची ही संगीन दोन्ही महायुद्धांत वापरात होती. त्या काळात लष्कराने स्वतःच तिच्यात इतके फेरफार केले, की ही एक नीट वाचता आली तरी नजर तयार होते.

हातात घेतल्यावर आधी तारीख शोधा, बदल नंतर. मुठीलगत पात्याच्या सपाट भागावर मुकुट, १९०७ आणि कारखान्याचे नाव ठोकलेले असते. १९०७ हे पॅटर्नचे साल. बनावटीचा महिना आणि साल वेगळ्या छोट्या आकड्यांत असते, ते भिंगाखाली तिरप्या उजेडात वाचा.

समजा, तिथे १९१० निघाले. त्या काळच्या संगिनींच्या मूठ आणि पात्यामधल्या आडव्या पट्टीचे खालचे टोक हुकासारखे वळलेले असे. १९१३ मध्ये लष्कराने हूक बंद केला आणि जुन्या संगिनींचेही हूक पुढे कापले गेले. १९१६ पासून मुठीच्या टोकाला आरपार भोक आले, संगीन रायफलीला अडकवायच्या खाचेत साचलेली माती निघावी म्हणून. हे भोक जुन्यांनाही पाडले. त्यामुळे हूक नसलेली, भोक पाडलेली १९१० ची संगीन कोणी 'खराब केलेली' म्हणून स्वस्तात देत असेल, तर त्याला तिचा इतिहास ठाऊक नाही. ती लष्करानेच बदललेली आहे आणि मला ती कोऱ्या संगिनीपेक्षा जास्त मोलाची वाटते.

उलट १९१७ च्या इंग्लिश संगिनीला हूक दिसला तर सावध व्हा. हूकवाल्या संगिनी दुर्मीळ, त्यांना भाव चढा, म्हणून हूक मागाहून वेल्डिंगने जोडतात. जोडावर धातूचा रंग बदलतो, आणि वेल्डिंग लपवायला मारलेल्या कानशीचे ओरखडे आजूबाजूच्या जुन्या तपकिरी डागांना कापत जातात.

आखूड पात्यांचा भाग मला सगळ्यांत प्रिय, कारण तो आपल्याकडचा आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतात या संगिनीचे पाते साधारण १२ इंचांवर आणले गेले. काही जुनी पाती कापली, काही कोलकात्याजवळच्या ईशापूरच्या कारखान्यात नव्यानेच आखूड घडवली. फरक पात्यावरच्या पन्हळीत, म्हणजे लांबीने कोरलेल्या उथळ खोबणीत दिसतो. कापलेल्या पात्यात ती पार टोकापर्यंत भिडते, कारण मूळ टोक पुढे होते. नव्या घडवलेल्यांपैकी कित्येकांना पन्हळच नाही. अमेरिकनांनी १६ इंची संगिनी १० इंचांवर आणल्या तेव्हाही हीच खूण मागे राहिली. त्यांच्या नव्या १० इंची संगिनीत पन्हळ टोकाच्या अलीकडेच थांबते. म्यान सोबत असेल तर तेही मोजा. कापलेल्या संगिनीचे म्यानही आखूड करून टोकाची धातूची टोपी पुन्हा बसवलेली असते.

कधी रायफलीवर बसणारी कडीच कापून संगिनीची सुरी केलेली सापडते. असा बदल एकट्यादुकट्या हाताचा असतो: कापाची रेघ वाकडी, दोन्ही बाजू असमान. काप जुना की अलीकडचा हे कळायला तिथला रंग आणि गंज बाकीच्या पोलादाशी जुळतो का ते बघा. म्हणूनच कितीही मोह झाला तरी पॉलिश लावू नका. रंग गेला की पुरावा गेला.

आणि विकत घेण्याआधी परवान्याची चौकशी पोलीस ठाण्यात करा. आपल्या शस्त्र नियमांच्या यादीत संगिनीचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे.