पुलावर सेन्सर बसवताना या चुका टाळा: चीनच्या पुलांवरून घ्यायचे धडे

चीनच्या ग्वीझोऊ प्रांतात 28 सप्टेंबर 2025 रोजी ह्वाजियांग दरीवरचा झुलता पूल वाहतुकीला खुला झाला. मुख्य गाळा 1420 मीटर आणि खालच्या नदीपासून रस्त्याची उंची 625 मीटर. अशा पुलांबद्दल बोलताना आपल्याकडे हमखास एक समजूत ऐकू येते: सेन्सर आहेत ना, काही बिघडलं तर आधीच कळेल. पुलांच्या देखरेखीवर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये आणि नव्याने या कामात आलेल्या इंजिनिअरांमध्येही ती असते. ती दूर व्हावी, म्हणून हा लेख.

मोठ्या पुलांवर कायमची देखरेख यंत्रणा बसवण्यात चीन बराच पुढे आहे. हाँगकाँगचा त्सिंग मा पूल (1377 मीटर गाळा) 1997 मध्ये सुरू झाला. तो आणि शेजारचे काप श्वी मुन व टिंग काउ हे पूल मिळून वारा आणि संरचना या दोन्हींवर लक्ष ठेवणारी एकत्र यंत्रणा उभी राहिली. 2008 मध्ये यांगत्सेवरचा 1088 मीटर गाळ्याचा सुतोंग पूल आला, आणि मग मुख्य भूमीवरच्या बहुतेक मोठ्या पुलांवर सेन्सर हा आराखड्याचाच भाग झाला. महामार्गावरच्या पुलांच्या देखरेखीचं प्रमाणक तिथल्या परिवहन मंत्रालयाने 2022 मध्ये सुधारून काढलं. इतक्या वर्षांच्या कामामुळे कुठे काय चुकतं, याच्याही नोंदी भरपूर जमल्या आहेत.

भीती कशाची, हे न ठरवताच सेन्सर लावणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती आराखड्याच्या टेबलावरच होते. सेन्सरची यादी आधी बनते, "हा पूल कसा पडू शकतो?" हा प्रश्न नंतर येतो किंवा येतच नाही. मग गाळ्याच्या मध्यावर कंपन मोजणारे अ‍ॅक्सिलरोमीटर लागतात, मनोऱ्याच्या टोकावर जीपीएस लागतो, नियंत्रण कक्षात मोठा पडदा येतो. धोका मात्र दुसरीकडेच असतो.

सिचुआनमधल्या यीबिन शहराचा श्याओनानमेन पूल घ्या. 1990 मध्ये बांधलेला, 240 मीटर गाळ्याची काँक्रीटची कमान, आणि मधला रस्ता कमानीला हँगरांनी, म्हणजे उभ्या केबलनी, टांगलेला. 7 नोव्हेंबर 2001 च्या पहाटे त्याचे काही हँगर तुटले आणि रस्त्याचा दोन्ही टोकांकडचा भाग खाली गेला. कमान उभीच होती. तुटले ते आखूड हँगर, म्हणजे कमान आणि रस्ता जिथे जवळ येतात तिथले. याचं कारण साधं आहे. तापमानामुळे रस्ता पुढेमागे सरकतो, तेव्हा लांब हँगर जेमतेम कलतो. आखूड हँगरला तेवढंच सरकणं छोट्याशा लांबीत झेलावं लागतं आणि तो टोकापाशी वाकतो. रोज वाकणं, त्यात आवरणाच्या आत शिरलेलं पाणी, त्यात गंज. गाळ्याच्या मध्यावरचा अ‍ॅक्सिलरोमीटर हे पाहूच शकत नाही. इथे हँगरचं खालचं टोक उघडून डोळ्यांनी बघणं आणि त्यासाठी आराखड्यात जागा सोडणं, हेच खरं काम.

एकाच खांबावर उभ्या असलेल्या उड्डाणपुलांचं दुखणं वेगळंच. 24 ऑगस्ट 2012 ला हार्बिनमध्ये, 10 ऑक्टोबर 2019 ला वूशीमध्ये आणि 18 डिसेंबर 2021 ला हुबेई प्रांतातल्या एझोऊमध्ये अशा पुलांचे गाळे कडेला उलटले. तिन्ही वेळा माणसं गेली. तिन्ही ठिकाणी प्रमाणाबाहेर माल भरलेली अवजड वाहनं एका कडेने चालली होती. गर्डर (रस्ता पेलणारी तुळई) मधोमध एकाच बेअरिंगवर (खांबावरच्या टेकूवर) टेकलेला असेल, तर कडेच्या वजनाने टोकाची बेअरिंग उचलली जाते, आणि तिथून पुढे काही सेकंदांत सगळं संपतं. एवढ्या वेळात कुठलाही इशारा कुणाच्या कामाचा नाही. उपयोग झाला तर पुलावर चढण्याआधी चालत्या ट्रकचं वजन करणाऱ्या यंत्राचा. खरा उपाय म्हणजे खांबाचं डोकं रुंद करून दोन बेअरिंग देणं किंवा शेजारी आणखी खांब उभे करणं. आकडे दाखवणारी यंत्रणा मंजूर करून घेणं सोपं असतं आणि खांबाचं काम अवघड, म्हणून पैसा तिकडे वळतो. तसं होऊ देऊ नका.

पाण्याखालचंही असंच. 19 जुलै 2024 च्या रात्री शान्शी प्रांतातल्या झाश्वी इथे पुरात द्रुतगती मार्गाचा पूल कोसळला. आपल्याकडे महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री गेला, तोही पुरातच. नदीवरच्या पुलाच्या देखरेखीत पाण्याची पातळी आणि पायाजवळची झीज मोजण्याची सोय नसेल, तर गर्डरवर कितीही सेन्सर असले तरी पुराच्या रात्री ते निरुपयोगी आहेत.

इशारा फक्त वादळी वाऱ्यासाठी ठेवणं

ग्वांगडोंगमधला हुमेन पूल 1997 चा, 888 मीटर गाळ्याचा. 5 मे 2020 च्या दुपारी दोनच्या सुमारास तो डोळ्यांना दिसेल असा लाटांसारखा वरखाली होऊ लागला. वादळ नव्हतं, वारा मध्यम होता. दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवावी लागली.

असं का होतं, हे समजून घेतलंत तर इशाऱ्याची मर्यादा कशी ठरवायची तेही कळेल. वारा गर्डरवरून जाताना मागे आळीपाळीने वर आणि खाली भोवरे सुटतात. वाऱ्याचा वेग वाढला की भोवरे सुटण्याची वारंवारिता वाढते, आणि गर्डरची उंची वाढली की ती घटते. ही वारंवारिता पुलाच्या एखाद्या नैसर्गिक वारंवारितेशी (धक्का दिल्यावर पूल आपोआप ज्या लयीत हलतो तिच्याशी) जुळली की पूल त्याच लयीत हलायला लागतो. म्हणजे यासाठी जोराचा वारा लागतच नाही, जुळणारा वारा लागतो. लांब झुलत्या पुलांच्या नैसर्गिक वारंवारिता इतक्या कमी असतात की हा जुळणारा वेग रोजच्या वाऱ्यातलाच निघतो. झौशान बेटांकडचा शीहौमेन पूल (1650 मीटर, 2009) अशा कंपनांमुळेच संशोधकांच्या अभ्यासात वारंवार येतो.

हुमेनच्या बाबतीत बदललं होतं ते एकच. देखभालीच्या कामासाठी कठड्यांलगत पाणी भरलेले प्लास्टिकचे अडथळे सलग रांगेत ठेवले होते. त्यामुळे वाऱ्याच्या दृष्टीने गर्डरचा आकारच वेगळा झाला. अडथळे काढले, पण त्यानंतरही काही काळ कंपनं परत येत राहिली. बराच वेळ डोलल्यामुळे पुलाचं डॅम्पिंग (कंपनं शमवण्याची क्षमता) घटलं होतं, असं तज्ज्ञांनी त्याचं कारण सांगितलं. तपासणी करून 15 मे रोजी पूल पुन्हा सुरू झाला.

यातून कामाच्या दोन गोष्टी घ्या. पहिली, केवळ कंपनाच्या सर्वोच्च आकड्यावर इशारा बांधू नका. ट्रक आणि वारा एकत्र असताना सिग्नलमध्ये अनेक वारंवारिता मिसळलेल्या असतात. भोवऱ्यांचं कंपन मात्र जवळपास एकाच वारंवारितेचं, स्वच्छ आणि हळूहळू वाढत जाणारं असतं. शेवटच्या काही मिनिटांतल्या ऊर्जेपैकी बहुतेक ऊर्जा एकाच वारंवारितेत गोळा होतेय का, हे तपासणारा इशारा कंपन मोठं होण्याआधीच जागं करतो. दुसरी, पुलावर तात्पुरतं काहीही ठेवायचं, जाळी, फलक, पडदे, अडथळे, तर त्याची नोंद देखरेख करणाऱ्यांकडे त्याच दिवशी गेली पाहिजे. नाहीतर पडद्यावर अचानक वेगळं काही दिसल्यावर कारण शोधण्यातच वेळ जातो.

आलेला डेटा खरा मानणं

हा भाग विद्यार्थ्यांनी नीट वाचावा, कारण बहुतेक प्रबंधांचं गाडं इथेच रुततं.

चीनमधल्या एका लांब केबल-स्टेड (मनोऱ्यापासून तिरप्या केबलनी धरलेल्या) पुलाचा जानेवारी 2012 चा डेटा संशोधकांसाठी खुला करण्यात आला आणि 2020 मध्ये त्यावर आंतरराष्ट्रीय स्पर्धाही झाली. 38 अ‍ॅक्सिलरोमीटर, 31 दिवस, दर तासाचा एक तुकडा, असे 28,272 तुकडे. तज्ज्ञांनी प्रत्येक तुकडा पाहून त्याला खूण दिली. सामान्य निघाले 13,575. म्हणजे अर्ध्याहून जास्त डेटा कुठल्या ना कुठल्या तऱ्हेने बिघडलेला, आणि पूल मात्र नेहमीसारखा वाहतूक वाहत होता.

बिघाडाचे प्रकार ओळखायला शिका. तासाभराच्या आलेखात रेष मध्येच गायब असेल तर डेटा हरवलाय. वीजपुरवठा आणि नेटवर्क आधी बघा. आलेख वरच्या आणि खालच्या दोन पातळ्यांमध्येच उड्या मारत चौकोनी दिसत असेल तर सेन्सर किंवा डेटा गोळा करणारं उपकरण बिघडलंय. सगळी रेष तिरकी चढत किंवा उतरत गेली असेल, किंवा शून्यापासून भरकटली असेल, तर पूल कललेला नसतो, सेन्सरचा शून्यबिंदू सरकलेला असतो. एखादाच उंच काटा दिसला तर बहुधा विजेचा झटका. आणि नेहमीच्या मानाने कंपन फारच बारीक दिसत असेल, तर सेन्सरचा चिकटवलेला तळ सुटलाय का, हे शिडी लावून बघावं लागतं. नवख्या माणसाला हा शेवटचा प्रकार सर्वांत जास्त फसवतो, कारण आलेख दिसायला शांत असतो.

याच डेटावर संगणकाला शिकवून "नव्वद टक्क्यांहून जास्त अचूकता" मिळवल्याचे प्रकल्प होतात. तिथे दोन गोष्टी विचारा. उंच काट्यांचे तुकडे अवघे 527, म्हणजे दोन टक्क्यांहून कमी. ते सगळे चुकले तरी एकूण अचूकता छानच दिसते. प्रत्येक प्रकाराचा निकाल वेगळा मागा. आणि शिकवण्याचे व तपासण्याचे तुकडे चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून दिले असतील, तर त्याच सेन्सरचा सकाळी दहाचा तुकडा शिकवण्यात आणि अकराचा तपासण्यात गेलेला असतो. दोन्ही जवळजवळ जुळे. मग परीक्षेत यश येणारच. तपासणीसाठी काही सेन्सर किंवा शेवटचे सलग दिवस पूर्ण बाजूला ठेवा.

ऊन विसरणं

पुलाची नैसर्गिक वारंवारिता घटली म्हणजे पूल कमजोर झाला, हे पुस्तकात बरोबर आहे. पण टिंग काउ पुलाच्या वर्षभराच्या मोजणीत दिसलं की पहिल्या दहा कंपन-प्रकारांच्या वारंवारिता नेहमीच्या हवामानामुळेच 0.20 ते 1.52 टक्के बदलतात. एखादी केबल थोडी खराब झाल्यावर होणारा बदल याहूनही छोटा असू शकतो. म्हणून किमान एक पूर्ण वर्षाचा डेटा तापमानासह हाती आल्याशिवाय "पूल बदलला" असं कुणी म्हणू नये.

स्ट्रेनच्या, म्हणजे लांबी किती ताणली गेली याच्या, मोजणीतही तेच. पोलाद एका अंशाला सुमारे 12 मायक्रोस्ट्रेन, म्हणजे लांबीच्या दहा लाख भागांमागे 12 भाग, प्रसरण पावतं. ऑप्टिकल फायबरचा नेहमीचा सेन्सर तर काहीही न ताणता, एक अंश वाढला तरी जवळपास 8 मायक्रोस्ट्रेनइतका हलतो. शेजारी ताण नसलेला तापमानाचा सेन्सर हवाच. आणि हवेचं तापमान पुरत नाही. दुपारी गर्डरचा वरचा पत्रा तापलेला आणि तळ सावलीत असतो, म्हणून दोन्हीकडे मोजा.

आखूड केबलला लांब केबलचं सूत्र लावणं

केबलमधला ताण तिच्या कंपनावरून काढतात, तंबोऱ्याची तार सुरावरून लावावी तसा. सूत्र सोपं: मीटरमागे वस्तुमान, लांबीचा वर्ग, वारंवारितेचा वर्ग यांचा गुणाकार आणि त्याची चौपट. 20 मीटर लांब, मीटरला 30 किलो, 5 हर्ट्झ, म्हणजे 1200 किलोन्यूटन. आता खरी कंप पावणारी लांबी 19 मीटर असेल तर उत्तर 1083 येतं, दहा टक्के कमी. तीन मीटरच्या हँगरमध्ये टोकाची पकड 30 सेंटिमीटरने वेगळी धरली तर फरक 19 टक्के. शिवाय आखूड हँगर जाड दांड्यासारखा वागतो, त्याचा ताठपणा वारंवारिता वाढवतो आणि हँगर आहे त्यापेक्षा जास्त ताणलेला वाटतो. आखूड हँगरांसाठी ताठपणा धरणारं सूत्र वापरा, एकाहून जास्त वारंवारिता मोजा, आणि बसवताना जॅकने मोजलेल्या ताणाशी एकदा जुळवून घ्या.

इशारा आल्यावर कोण काय करणार, हे लिहून न ठेवणं

10 नोव्हेंबर 2025 रोजी सिचुआनमधल्या होंगची पुलाजवळ डोंगराच्या उतारावर आणि रस्त्यावर भेगा दिसल्या. त्याच दिवशी पूल बंद केला. दुसऱ्या दिवशी दरड आली आणि 758 मीटर लांबीच्या, त्याच वर्षी पूर्ण झालेल्या पुलाचा एक भाग खाली गेला. जीवितहानी झाली नाही. नवा पूल बंद करायचं कुणीतरी ठरवलं आणि ते वेळेत अमलात आलं.

तुमच्या पुलाच्या योजनेत हे पान असलं पाहिजे. कोणत्या पातळीला वेग कमी करायचा, कोणत्या पातळीला अवजड वाहनं थांबवायची, कोणत्या पातळीला सगळं बंद. रात्री दोन वाजता पाळीवर असलेल्या माणसाला वरिष्ठांचा फोन लागला नाही तरी पूल बंद करता आला पाहिजे, आणि इशारा खोटा निघाला तर त्याला जाब विचारला जाणार नाही हे लेखी हवं. बॅरिकेड दोन्ही टोकांना जागेवरच असावेत. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्याआधी, खरोखर बंद करून बघा आणि किती मिनिटं लागली ते नोंदवा. पूल पुन्हा उघडण्याचे निकषही आधीच ठरवा: कोणी तपासायचं, काय उघडून बघायचं, किती तास आकडे स्थिर राहायला हवेत आणि शेवटची सही कुणाची.