महिला फुटबॉलचं जागतिक रँकिंग: गुणांचा हिशोब कसा मांडायचा, कसा वाचायचा

20 ऑगस्ट 2023. सिडनीत स्पेनने इंग्लंडला 1-0 हरवलं आणि विश्वचषक उचलला. पाचच दिवसांनी फिफाचं नवं रँकिंग आलं, आणि पहिल्या क्रमांकावर होतं स्वीडन. उपांत्य फेरीत स्पेनकडूनच हरलेला, तिसऱ्या स्थानावर समाधान मानलेला संघ पहिला, आणि जगज्जेता दुसरा! हे कसलं गणित, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. मलाही पडला होता. कागद-पेन घेऊन बसल्यावर उलगडा झाला. गणित शाळेतल्या पातळीचंच आहे, फक्त ते पायरीपायरीने करावं लागतं.

आधी डोक्यातून एक समज काढून टाका. रँकिंग म्हणजे स्पर्धेतल्या निकालांची उतरंड नव्हे. ते बँकेच्या पासबुकासारखं आहे. मागची शिल्लक पुढे येते आणि प्रत्येक सामन्यानंतर त्यात थोडी भर किंवा थोडी वजाबाकी होते. महिलांचं रँकिंग 2003 साली सुरू झालं, पण हिशोब धरला गेला तो 17 एप्रिल 1971 च्या फ्रान्स विरुद्ध नेदरलँड्स सामन्यापासून. बुद्धिबळपटूंचं बळ मोजायला आर्पाड एलो यांनी जी पद्धत बसवली, तिचंच हे फुटबॉलमधलं रूप.

पहिली पायरी: क्रमांक सोडा, गुण बघा

यादी उघडली की नजर थेट क्रमांकावर जाते. तिथे थांबू नका, शेजारच्या गुणांच्या रकान्यात जा. सहावा आणि सातवा यांच्यात दोन गुणांचं अंतर असू शकतं आणि सातवा-आठवा यांच्यात चाळीसचं. क्रमांकात दोन्हीकडे फरक एकाचाच दिसतो. दोन संघांच्या गुणांची वजाबाकी करून ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर चालतं. सामना एखाद्या संघाच्या घरच्या मैदानावर असेल तर हिशोबापुरते त्या संघाला 100 गुण जादा धरा. म्हणजे पाहुणा संघ 100 गुणांनी वरचढ असला तरी यजमानांच्या मैदानावर दोघी बरोबरीतल्या.

दुसरी पायरी: अपेक्षा काढा

सामन्याआधी सूत्र प्रत्येक संघाकडून काही अपेक्षा ठेवतं, शून्य ते एकच्या दरम्यान. कॅल्क्युलेटरवर असं करा: गुणांचा फरक भागिले 400, मग 10 चा तेवढा ऋण घात, त्यात 1 मिळवा, आणि 1 ला त्या उत्तराने भागा. एवढं नको असेल तर चार आकडे पाठ करा. फरक शून्य असेल तर अपेक्षा 0.50. वरचढ संघ 100 ने पुढे असेल तर 0.64, 200 ने पुढे असेल तर 0.76, आणि 400 ने पुढे असेल तर 0.91. एकातून हा आकडा वजा केला की दुसऱ्या संघाची अपेक्षा मिळते.

तिसरी पायरी: निकालाला आकडा द्या

पुरुषांच्या रँकिंगशी सगळ्यात मोठा फरक इथे आहे. 2018 पासूनच्या पुरुषांच्या पद्धतीत तुम्ही 1-0 जिंका की 7-0, विजय तो विजय. घरच्या मैदानाचीही दखल नाही. महिलांच्या पद्धतीत गोलफरक मोजला जातो आणि हरणाऱ्या संघाच्या पदरातही काहीतरी पडतं. 0-1 ने हरलात तर 0.15, 0-2 ला 0.08, 0-3 ला 0.04, 0-4 ला 0.03. जिंकणाऱ्याला उरलेलं, म्हणजे 1-0 च्या विजयाला 0.85 आणि 2-0 ला 0.92. हरतानाही गोल केला तर किंचित जास्त मिळतं, 1-2 ला 0.16. बरोबरीत मजा बघा: 1-1 ला दोघींना 0.50, पण 0-0 ला दोघींना 0.47 च. गोल न करता मैदान सोडणं या सूत्राला आवडत नाही. मला विचाराल तर हे ठीकच आहे.

आता या दोन पायऱ्या जोडा. बलाढ्य संघ त्रयस्थ मैदानावर 400 गुणांनी दुबळ्या संघाशी खेळतो आणि 1-0 जिंकतो. मिळाले 0.85, अपेक्षा होती 0.91. म्हणजे जिंकूनही गुण गेले! 2-0 जिंकला असता तर 0.92, जेमतेम फायदा. हाच सामना बलाढ्य संघाच्या घरी असेल तर फरक 500 धरला जातो, अपेक्षा 0.95 च्या घरात जाते आणि 2-0 सुद्धा अपुरा पडतो. तिथे 3-0 च हवा. नव्वदाव्या मिनिटाला, सामना खिशात असताना, मोठा संघ तिसऱ्या गोलसाठी का धडपडतोय असं वाटलं तर हे आठवा. खेळाडूंच्या डोक्यात तेव्हा हे गणित असेलच असं नाही, पण यादीत ते उतरतं.

चौथी पायरी: सामन्याचं वजन लावा

प्रत्यक्ष आकड्यातून अपेक्षा वजा करायची आणि सामन्याच्या वजनाने गुणायचं, की गुणांतला बदल हाती येतो. विश्वचषक आणि ऑलिम्पिकच्या मुख्य स्पर्धेला वजन 60. युरो, आशियाई चषक, कोपा अमेरिका, आफ्रिका चषक अशा खंडीय स्पर्धांची मुख्य फेरी आणि विश्वचषक-ऑलिम्पिकची पात्रता फेरी यांना 45. खंडीय स्पर्धांच्या पात्रता सामन्यांना 30. साध्या मैत्रीपूर्ण सामन्याला 15, पण दोन्ही संघ पहिल्या दहातले असतील तर 30.

ऑलिम्पिकच्या 60 वर अनेकजण अडखळतात. पुरुषांचं ऑलिम्पिक फुटबॉल प्रामुख्याने 23 वर्षांखालच्यांचं असतं, महिलांचं मात्र पूर्ण ताकदीच्या राष्ट्रीय संघांचं. म्हणून ते विश्वचषकाच्या तोडीचं धरलं जातं. उलट अल्गार्वे कप किंवा शीबिलीव्ह्ज कप या निमंत्रितांच्या स्पर्धांची नावं मोठी, चषकही मिळतो, पण रँकिंगच्या हिशोबात ते सामने मैत्रीपूर्णच.

आता स्वीडनचं कोडं सोडवू

स्पर्धेआधी स्वीडन तिसरं होतं, स्पेन सहावं. म्हणजे मागची शिल्लक स्वीडनची जास्त. गटफेरीत अकराव्या क्रमांकाच्या जपानने स्पेनला 4-0 धुतलं. स्पेन 100 गुणांनी वरचढ होतं असं समजून हिशोब करू: 0.03 वजा 0.64, गुणिले 60. साधारण 37 गुण एका संध्याकाळी गेले. तोडीस तोड प्रतिस्पर्ध्याविरुद्ध अंतिम सामना 1-0 जिंकून मिळतात किती? 0.85 वजा 0.50, गुणिले 60, म्हणजे 21. जपानविरुद्धचा खड्डा अंतिम सामन्याने भरत नाही. त्यासाठी स्पेनला वाटेतल्या इतर विजयांची भर लागली. स्वीडन मात्र पूर्ण स्पर्धेत एकदाच हरलं, तेही 1-2. तिसऱ्या स्थानाच्या लढतीत त्यांनी ऑस्ट्रेलियाला ब्रिस्बेनमध्ये, त्यांच्याच मैदानावर 2-0 हरवलं. यजमानांचे ते जादा 100 गुण इथे स्वीडनच्या पथ्यावर पडले. स्पेनला पहिला क्रमांक मिळाला तो डिसेंबर 2023 मध्ये.

पाचवी पायरी: रँकिंग कधी वापरायचं, कधी नाही

सोडतीच्या वेळी ते नक्की बघा. 2023 च्या विश्वचषकासाठी 32 संघांची चार भांड्यांत (एका भांड्यातले संघ एकाच गटात येत नाहीत) विभागणी झाली ती मुख्यतः ऑक्टोबर 2022 च्या रँकिंगनुसार. अपवाद यजमानांचा: ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड थेट पहिल्या भांड्यात. वरच्या भांड्यात जागा मिळाली की गटात इतर दिग्गज टळतात, म्हणून सोडतीआधीच्या यादीला खरी किंमत.

अंदाज बांधताना मात्र जपून. यादी वर्षातून मोजक्याच वेळा निघते, त्यामुळे मधल्या काळातले निकाल तुमचे तुम्हाला मांडावे लागतात. दुखापती, नवा प्रशिक्षक, कोवळ्या खेळाडूंची फळी यातलं सूत्राला काहीच कळत नाही. आणि एकाच खंडातले संघ बहुतेक वेळा आपापसातच खेळतात, त्यामुळे दोन वेगळ्या खंडांतल्या संघांची तुलना थोडी सैल असते.

मात्र मोठी स्पर्धा आली की हे पासबुक झपाट्याने बदलतं. जून 2024 मध्ये अमेरिका पाचव्या क्रमांकावर घसरली होती. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये सहाच्या सहा सामने जिंकून, अंतिम सामन्यात ब्राझीलला 1-0 हरवून, ऑगस्टमध्ये ती पुन्हा पहिली.

सरावासाठी त्याच ऑलिम्पिकचा उपांत्य सामना घ्या: ब्राझील 4, स्पेन 2. इथेही स्पेनला 100 गुणांनी वरचढ धरा. 2-4 ला हरणाऱ्याच्या पदरात 0.098 पडतात. तुमचं उत्तर उणे साडेबत्तीसच्या आसपास यायला हवं. मग तोच सामना 0-2 धरून करा, उणे साडेतेहेतीसच्या जरा पलीकडे जाल. म्हणजे स्पेनने त्या रात्री मारलेल्या दोन गोलांची किंमत मिळून एक गुण.