आईच्या गुडघ्यांना झेपेल अशी दोन दिवसांची मुंबई

सिन्नरला आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. शनिवार-रविवार शटर खाली ठेवायचं म्हणजे दोन दिवसांचा गल्ला सोडायचा. त्यामुळे मुंबईला वर्षातून एकदाच जाणं होतं, पण जातो ते सगळे मिळून: मी, बायको, अकरा वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांची आई. पहिल्या खेपेला मी एकाच दिवसात महालक्ष्मी, राणीची बाग, सिद्धिविनायक आणि जुहू असा बेत आखला होता. दादरचा पूल चढताना आई मध्येच पायरीवर बसली आणि म्हणाली, "तुम्ही या जाऊन, मी इथंच थांबते." येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांशी बसलेली आई अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. तेव्हापासून बेत ठरतो तो तिच्या गुडघ्यांवरून. दिवसाला दोनच मोठी ठिकाणं, तीही एकाच पट्ट्यातली. दोन दिवस हाताशी असतील तर दक्षिण मुंबई धरा, फार तर दादरपर्यंत, आणि बाकीची मुंबई पुढच्या वर्षी.

नाशिककरांसाठी गाडी एकच, पंचवटी एक्स्प्रेस. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडला बसायचं आणि अकराच्या आत सीएसएमटीला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, उतरायचं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. शनिवार-रविवारसाठी तेव्हाच करून टाका, जाण्याचं आणि येण्याचं दोन्ही. तिकीट दादरपर्यंत न काढता सीएसएमटीपर्यंत काढा. दादरला गाडी जेमतेम थांबते. म्हातारं माणूस, लहान मूल आणि पिशव्या उतरवताना जीव टांगणीला लागतो. सीएसएमटी हे शेवटचं स्टेशन. सगळे उतरून गेले की सावकाश उतरा. आणि तिथं पूल चढायचा नाही, फलाटावरून सरळ चालत बाहेर.

मुक्कामही त्याच भागात, फोर्टमध्ये शोधा. लॉजवाल्याला फोन करताना "लिफ्ट आहे का" एवढंच विचारून थांबू नका. "रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत" असं विचारा. इथल्या जुन्या इमारतींत लिफ्ट बऱ्याचदा अर्धा जिना चढून गेल्यावर सुरू होते. आम्ही उतरलो होतो तिथं लाकडी जिन्याच्या अकरा पायऱ्या होत्या आणि आईला त्या दिवसातून चार वेळा कराव्या लागल्या. त्याच फोनवर खोलीतला संडास कमोडचा आहे का तेही विचारून घ्या.

सामान टाकलं की पहिलं काम पोटाचं. धोबी तलावला कयानी आहे, १९०४ सालचं इराण्याचं हॉटेल. बन मस्का, चहा, मावा केक. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या. आईला तिथला चहा फार आवडतो, बशीत ओतून पिते.

मग परत सीएसएमटीसमोर या. रोज लाखो माणसं ही इमारत न बघता आत शिरतात. तुम्ही समोरच्या फुटपाथवर, महापालिकेच्या बाजूला उभे राहून बघा. बांधकाम १८७८ साली सुरू झालं आणि पुरं व्हायला १० वर्षं लागली. वास्तुकार फ्रेडरिक स्टीव्हन्स. महापालिकेची इमारतही त्यांचीच. २००४ पासून स्टेशन जागतिक वारसा यादीत आहे. मुलांना हे सांगून फार उपयोग होत नाही, त्यांना काम द्या: भिंतीवरचे प्राणी मोजा. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ आहे. वर कमानींपाशी माकडं, मोर, सरडे, पानाफुलांत लपलेले पक्षी. हे कोरीवकाम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. माझ्या मुलीनं वीसपर्यंत मोजले, मग चुकली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तोवर आई सावलीत टेकली होती. याच जागेजवळच्या बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली, हे मात्र मुलांना जरूर सांगा. आपण सकाळी ज्या मार्गानं आलो त्याचंच ते पहिलं टोक.

दुपार छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला द्या. तीनच्या आधी आत शिरा, कारण सहाला बंद होतं. सगळी दालनं बघायचा हट्ट धरू नका. लहान मुलं असतील तर प्राणी-पक्ष्यांचं दालन आणि मोठ्यांसाठी शिल्पांचं, एवढं पुरे. बाहेर पडण्याआधी सगळ्यांनी स्वच्छतागृहात जाऊन या. पुढे गेटवेच्या गर्दीत ती सोय शोधत फिरणं म्हाताऱ्या माणसांना फार जड जातं आणि संकोचानं ती माणसं सांगतही नाहीत. आईनं एकदा त्यापायी दुपारभर पाणीच प्यायलं नव्हतं, हे मला रात्री कळलं.

गेटवे तिथून चालत दहा मिनिटांवर. ही कमान आणि संग्रहालय, दोन्ही जॉर्ज विटेट यांची रचना. कमान १९२४ साली पुरी झाली. संध्याकाळच्या उन्हात तिचा पिवळसर दगड सुंदर दिसतो. इथून बोटीनं घारापुरीची (एलिफंटा) लेणी बघायला जाण्याचा मोह मात्र या खेपेला आवरा. जायला तासभर, यायला तासभर आणि वर शंभराहून जास्त पायऱ्या. लेणी थोर आहेत, म्हणूनच त्यांना वेगळा दिवस हवा, आणि तोही सोमवार नको, सोमवारी लेणी बंद असतात.

रात्री मुलांसाठी दुमजली बस. ११५ नंबरची बस सीएसएमटीहून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहापर्यंत जाते, दहा-बारा रुपयांपासून तिकीट. मुलांना घेऊन एकानं वरच्या मजल्यावर पुढच्या काचेपाशी बसावं, दुसऱ्यानं आईबरोबर खाली. बसच्या जिन्यावर आईला चढवू नका.

रविवारी सकाळी लवकर उठा. साडेसहाला मरीन ड्राइव्हवर वारा गार असतो आणि कठड्याची उंची अशी की गुडघे न दुखता बसता येतं. आई तिथं तासभर बसली होती, हातात जपमाळ, समोर समुद्र. मुलं ओव्हल मैदानावरचं क्रिकेट बघायला गेली. एका मैदानात इतके सामने चालतात की कुठला चेंडू कुणाचा ते कळत नाही. पलीकडे राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईचं नाव देऊन तो बांधवला, १८७८ साली पुरा झाला. हे ऐकून आईनं मान वर करून तो पुन्हा एकदा बघितला.

लोकलचा हट्ट मुलं धरणारच. तो रविवारी दहाच्या आत पुरवा, कारण नंतर मेगाब्लॉक लागतात, म्हणजे दुरुस्तीसाठी काही मार्ग बंद ठेवतात. चर्चगेटला बसून चर्नी रोडला उतरायचं. मरीन लाइन्स सोडलं की डाव्या हाताला समुद्र दिसतो. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. चढण्याआधी घरात एक नियम पक्का करा: जो फलाटावर राहिला त्यानं तिथंच थांबायचं, जो गाडीत राहिला त्यानं पुढच्या स्टेशनावर उतरून उभं राहायचं. लहानग्याच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. मी ती चिठ्ठी खिशाला आतून टाके घालून शिवून टाकतो.

गिरगाव चौपाटीवर वाळूत खेळून झालं की भुयारी मेट्रो. ऑक्टोबर २०२५ पासून ती कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि आमच्यासारख्यांचं फार सोपं झालं. स्टेशनांत लिफ्ट आहे, डबा थंड आहे. गिरगाव स्टेशनात बसा आणि सरळ सिद्धिविनायकला उतरा. चौपाटीपासून स्टेशनापर्यंत टॅक्सी करा. रिक्षा शोधत उभे राहू नका, वांद्रे-सायनच्या अलीकडे शहरात रिक्षा येत नाहीत. दर्शन झालं की जेवायला दादर. सेना भवनाजवळ आस्वादचं थालीपीठ, नाहीतर प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पियुष. मग शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर झाडाखाली तासभर निवांत. आणखी एक ठिकाण घुसवण्याइतका वेळ उरला असं वाटेल, पण तो तासच परतीच्या प्रवासाला कामी येतो.

पंचवटी संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास सुटते. पाचलाच सीएसएमटी गाठा. लोकांची चढायची झुंबड उडायच्या आत आईला खिडकीपाशी बसवा, सामानाची पिशवी पायांखाली सरकवा म्हणजे गुडघे सरळ राहतात. वडापाव बाहेरूनच बांधून घ्या, चटणी वेगळी. मागच्या वर्षी कल्याण यायच्या आत मुलं झोपली होती आणि आई बायकोला विचारत होती, पुढच्या वर्षी घारापुरीला डोली मिळते का गं?