स्पोर्ट्स कार्डची जाहिरात वाचायची कशी?

स्पोर्ट्स कार्ड म्हणजे खेळाडूचं चित्र छापलेलं, जमवायचं कार्ड. ईबे या ऑनलाइन बाजारात बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनचं कार्ड शोधलंत की अशी एखादी ओळ समोर येते: ‘१९८६ फ्लीअर जॉर्डन #५७ आरसी पीएसए ८ ओसी ओबीओ’. वर्ष, कंपनी, खेळाडू, क्रमांक, दर्जा, एक दोष आणि भावाला वाव, एवढं सगळं या एका ओळीत सांगून झालेलं असतं. नवखा माणूस ‘जॉर्डन’ आणि ‘८’ वाचतो, मधली अक्षरं सोडून देतो, आणि फसतो तो त्या अक्षरांतच. अमेरिकेत वाढणाऱ्या तुमच्या मुलीने किंवा भाच्याने हा छंद घरात आणला असेल, तर पैसे मोजण्याआधी ही ओळ डावीकडून उजवीकडे वाचायला शिका.

पायरी १: कार्ड नेमकं कोणतं?

वर्ष, कंपनी, संच आणि क्रमांक या चार गोष्टी जुळल्याशिवाय किमतीचा विचारच करू नका. बास्केटबॉलचा मोसम दोन वर्षांत विभागलेला असतो, म्हणून ‘१९८६’ आणि ‘८६-८७’ हा एकच संच. त्यात १३२ कार्डं आहेत आणि जॉर्डन ५७ क्रमांकावर आहे. ही कार्डं बंद पाकिटांतून विकली जात आणि त्याच पाकिटांत स्टिकरही निघत. जॉर्डनच्या स्टिकरचा क्रमांक ८ आणि त्याची किंमत कार्डापेक्षा बरीच कमी. फोटो घाईत पाहिला तर घोटाळा होतो, क्रमांक पाहिला तर होत नाही.

याच टप्प्यावर ‘आरपी’ ही अक्षरं शोधा. आरपी म्हणजे रीप्रिंट, नंतर छापलेली प्रत. काही विक्रेते ती ओळीच्या अगदी शेवटी टाकतात.

पायरी २: आरसी आहे का, आणि त्याने किती फरक पडतो?

आरसी म्हणजे रूकी कार्ड, खेळाडूचं पहिलं मान्य कार्ड. ‘मान्य’ म्हणायचं कारण असं की जॉर्डन १९८४ पासूनच एनबीएत खेळत होता आणि स्टार नावाच्या कंपनीने त्याची कार्डं फ्लीअरच्या आधी काढली होती. पण ती दुकानातल्या नेहमीच्या पाकिटांत मिळत नव्हती, म्हणून अनेक संग्राहक त्यांना ‘एक्सआरसी’ म्हणतात आणि आरसीचा मान फ्लीअरलाच देतात. बेसबॉलमध्ये २००६ पासून कार्डावरच आरसीचं चिन्ह छापलं जातं, त्यामुळे तिथे हा वाद बराच मिटला.

पण आरसी म्हणजे सर्वांत महाग, असा नियम नाही. बेसबॉलपटू मिकी मँटलचं आरसी १९५१ च्या बोमन संचात आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं ते मात्र त्याचं १९५२ चं टॉप्स कार्ड. ते तर ‘डीपी’ आहे, म्हणजे छपाईच्या तावावर दोनदा असलेलं, त्याच मालिकेतल्या इतर बहुतेक कार्डांपेक्षा जास्त छापलेलं! अक्षरं माहिती देतात, भाव ठरवत नाहीत.

पायरी ३: तिरकी रेघ आणि रंग

‘बेस’ म्हणजे संचातलं साधं कार्ड. तेच चित्र वेगळ्या रंगात किंवा चमकीत आलं की ‘पॅरलल’. टॉप्सने १९९३ च्या फायनेस्ट संचात पहिल्यांदा इंद्रधनुषी चमकीचे ‘रिफ्रॅक्टर’ आणले, आणि आजच्या रंगीबेरंगी पॅरललची परंपरा तिथून वाढली. ‘/५०’ म्हणजे अशी पन्नासच छापली. ‘२३/५०’ म्हणजे त्या पन्नासांतलं तेविसावं. ‘१/१’ म्हणजे जगात एकच. खेळाडूच्या जर्सीचा क्रमांक आणि कार्डाचा अनुक्रम जुळला तर हौशी लोक जास्त मोजतात. ‘१/५०’ असलेल्या कार्डाला ‘ईबे १/१’ म्हणून विकणारेही आहेत. त्या शब्दाला अर्थ नाही, त्याचे वेगळे पैसे देऊ नका.

‘एसपी’ म्हणजे कमी छापलेलं, ‘एसएसपी’ म्हणजे त्याहून कमी. ‘ऑटो’ म्हणजे सही. ती थेट कार्डावर असेल तर ‘ऑन-कार्ड’, नाहीतर सही केलेलं पारदर्शक स्टिकर चिकटवलेलं असतं. माझ्या मते ऑन-कार्डसाठी थोडे जास्त मोजणं रास्त आहे, कारण ते कार्ड खरोखर खेळाडूच्या हातातून गेलेलं असतं. जर्सीचा तुकडा आणि सही दोन्ही असलेलं रूकी कार्ड म्हणजे ‘आरपीए’.

पायरी ४: दर्जा

कार्ड मोकळं असेल तर ‘रॉ’, तपासून प्लास्टिकच्या कडक डबीत बंद केलेलं असेल तर ‘स्लॅब’. तपासणाऱ्या कंपन्यांत पीएसए, बीजीएस आणि एसजीसी ही नावं सर्वाधिक दिसतात. पट्टी १० पर्यंतची, पण ती शाळेतल्या गुणांसारखी वाचू नका. पीएसएच्या पट्टीवर ‘गुड’ म्हणजे २! ‘एक्सलंट’ म्हणजे ५, ‘एनएम’ (निअर मिंट, म्हणजे जवळपास नवंकोरं) ७, ‘एनएम-एमटी’ ८, ‘मिंट’ ९ आणि ‘जेम मिंट’ १०. विक्रेत्याने रॉ कार्डाला ‘गुड कंडिशन’ म्हटलं तर मोठे फोटो मागवा.

पीएसएकडे ९.५ नाही, बीजीएसकडे आहे. शिवाय मध्यसाधणी (चित्र चौकटीच्या मधोमध आहे का), कोपरे, कडा आणि पृष्ठभाग यांचे वेगळे गुण बीजीएस लेबलवर छापू शकते.

आता सुरुवातीच्या ओळीतलं ‘ओसी’. चित्र चौकटीत एका बाजूला सरकलंय, असा त्याचा अर्थ. बाकी सगळं ८ च्या योग्यतेचं, पण छपाई किंवा कापणी सरकलेली. असं कार्ड दोनेक दर्जे खालचं समजून भाव करायचा, असा संग्राहकांचा ढोबळ हिशेब आहे. ‘एमके’ म्हणजे पेनाची खूण, ‘एसटी’ म्हणजे डाग.

सर्वाधिक गल्लत होते ती ‘पॉप’मध्ये. पॉप म्हणजे त्या कंपनीने त्या कार्डाला तो दर्जा किती वेळा दिला, तो आकडा. ‘पॉप १’ वाचून ‘जगात एकच’ असं समजू नका. हजारो कार्डं छापलेली असतील आणि तपासायला चारच गेली असतील. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढच्या काही वर्षांत एवढी कार्डं छापली गेली की त्या काळाला ‘जंक वॅक्स’ (मेणकागदी पाकिटांतला कचरा) हे नाव पडलं. त्या काळातल्या एखाद्या सामान्य खेळाडूचा ‘पॉप १’ म्हणजे कुणी तपासायला पाठवलं नाही, इतकंच असू शकतं.

‘ट्रिम्ड’ म्हणजे कडा कापून नीटस केलेलं कार्ड. पीएसएने १९९१ मध्ये सर्वांत आधी तपासलेलं कार्ड बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं, टी२०६ या जुन्या संचातलं होतं. त्याला ८ मिळाले, आणि त्याच्या कडा आपण कापल्या होत्या हे लिलावदार बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये कबूल केलं. म्हणून डबीतलं कार्डही डोळे उघडे ठेवून पाहा.

पायरी ५: व्यवहाराची अक्षरं

‘ओबीओ’ म्हणजे कमी भाव सुचवता येईल. ‘पीडब्ल्यूई’ म्हणजे साध्या पांढऱ्या लिफाफ्यातून टपाल. ‘बीएमडब्ल्यूटी’ म्हणजे फुग्यांच्या अस्तराचं पाकीट, टपालाचा माग काढता येणारं. महाग कार्डासाठी बीएमडब्ल्यूटीच मागा. ‘पीसी’ म्हणजे स्वतःच्या संग्रहातलं, सहसा न विकायचं. पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवायच्या सेवेतले ‘एफअँडएफ’ म्हणजे मित्रांना पाठवायचे पैसे. त्यात खरेदीदाराला संरक्षण नसतं. अनोळखी विक्रेत्याला ‘जीअँडएस’नेच, म्हणजे खरेदीसाठी असलेल्या पर्यायानेच, पैसे द्या, थोडं शुल्क लागलं तरी.

‘कॉम्प’ म्हणजे तेच कार्ड, त्याच दर्जात, अलीकडे प्रत्यक्ष किती किमतीला विकलं गेलं ते. ईबेवर ‘सोल्ड आयटम्स’ निवडा, मागितलेल्या किमतींकडे पाहू नका. किंमत खोडलेली दिसली तर सौदा त्याहून कमीत झालाय असं समजा. मग स्लॅबवरचा प्रमाणपत्र क्रमांक त्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाका. तिथे आलेलं नाव, वर्ष, क्रमांक आणि दर्जा जाहिरातीशी जुळला, फोटो असल्यास तोही ताडून पाहिला, की मगच पैसे पाठवा.