एकच वाट, निरनिराळे ऋतू: जुन्या शहरात फिरताना काय आणि केव्हा पाहावे

जुने शहर पाहायला जाणारे बहुतेक जण हवा सुखाची असते त्या दिवसांत एकदाच जातात आणि वेस, तट, एखादा बुरूज पाहून परततात. परंतु जुन्या बांधकामाच्या कितीतरी खुणा अशा असतात की त्या वर्षातले मोजके दिवस, कधी कधी तर पावसानंतरचा तासभरच, दिसतात आणि पुन्हा लपतात. त्या पाहायच्या असतील तर रोज नवी वाट शोधण्यापेक्षा एकच वाट निवडावी आणि ती वर्षभर चालावी, असे माझे ठाम मत आहे. नेहमीची वाट अंगवळणी पडलेली असल्याशिवाय तिच्यात आज काय वेगळे आहे हे डोळ्यांना कळत नाही.

वाट फार लांब नसावी. दोन-तीन किलोमीटर पुरेसे होतात. तिच्यात उघडी राहिलेली जुनी भिंत, थोडे मोकळे गवत, नदीचा किंवा तळ्याचा काठ आणि एखादी अरुंद गल्ली, एवढे असले म्हणजे झाले. ती दोन्ही दिशांनी चालावी, कारण जाताना पाठीमागे राहिलेली बाजू येतानाच नीट दिसते.

सर्वांत जास्त हाती लागते ते पाऊस थांबल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात. भिंत भिजताना सगळीकडे सारखीच काळपट होते, पण वाळताना मात्र तिचे भाग वेगवेगळ्या वेगाने वाळतात, कारण दगड, वीट, चुना आणि सिमेंट यांची पाणी धरून ठेवण्याची व सोडण्याची रीत निराळी असते. माझ्या नेहमीच्या वाटेवर एक लांबलचक भिंत आहे, जिच्यात एरवी पाहण्यासारखे काहीच नाही. एकदा पाऊस ओसरल्यावर ऊन पडले आणि तिच्यावर हळूहळू एक कमान उमटली. आजूबाजूचा दगड फिकट होत गेला, मधला भाग ओलाच राहिला, आणि पुढे खालच्या बाजूला उंबऱ्याची आडवी रेघही दिसू लागली. कोणे एके काळी चिणून टाकलेला तो दरवाजा होता. अर्ध्या तासाने भिंत पुन्हा कोरी झाली! अशा जागा शोधताना भिंतीपासून दहा-पंधरा पावले मागे उभे राहावे, कारण जवळून फक्त ओल दिसते आणि लांबून आकार दिसतो. रस्त्यावर पाणी कुठे साचते आणि कुठल्या बाजूला वाहते हेही याच वेळी पाहावे. बुजवलेल्या खंदकाची जागा पुष्कळदा बाजूच्या जमिनीपेक्षा किंचित खोलगट राहिलेली असते.

कोरड्या दिवसांत गवताकडे लक्ष द्यावे. जमिनीखाली जुनी भिंत असेल तर तिच्यावर मातीचा थर पातळ असतो, त्यामुळे तिथले गवत आधी पिवळे पडते. उलट बुजलेला चर असेल तर त्यातली भुसभुशीत माती ओल धरते आणि वरचे गवत अधिक काळ हिरवे राहते. इंग्लंडमधील स्टोनहेंज या प्रागैतिहासिक शिळावर्तुळात २०१३ च्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी मारायची नळी वर्तुळाच्या एका भागापर्यंत पोहोचली नाही, आणि नेमक्या त्या न भिजलेल्या भागात, एके काळी शिळा उभ्या असाव्यात त्या जागी, वाळक्या गवताचे ठिपके एका कर्मचाऱ्याच्या लक्षात आले. आयर्लंडमधील न्यूग्रेंज या प्रागैतिहासिक थडग्याजवळ २०१८ च्या अवर्षणात शेतातील पिकाच्या गडद हिरव्या खुणांवरून एक अज्ञात प्रागैतिहासिक वर्तुळ ड्रोनने टिपले गेले. आपल्याला ड्रोन लागत नाही. बुरुजावर किंवा टेकाडावर चढून, सूर्य कलता असताना खाली पाहिले तरी सरळ रेघा आणि काटकोन उमगतात. निसर्गात काटकोन क्वचितच असतात, म्हणून तेच आधी शोधावेत.

याच काळात पाणीही मागे हटते. चेक प्रजासत्ताकातील डेचीन या जुन्या शहरात एल्बे नदीच्या पात्रात एक शिळा आहे, जी नदी फार आटली तरच उघडी पडते. तिच्यावर वाचता येणारे सर्वांत जुने साल १६१६ आहे, आणि ‘मला पाहशील तर रड’ अशा अर्थाची जर्मन ओळही कोरलेली आहे. दुष्काळाची अशी नोंद पाहताना मन खरोखर जड होते. अशा जागा काठावरूनच पाहाव्यात, कारण आटलेल्या पात्रातला वरून वाळलेला गाळ आतून ओला असतो आणि पाय रुततो.

थंडीच्या दिवसांत सूर्य आकाशात खालून जातो आणि त्याचा तिरपा प्रकाश दगडावर घासून गेल्यासारखा पडतो. दुपारी सपाट वाटणाऱ्या दगडावर सकाळी टाकीचे घाव आणि झिजलेली अक्षरे सावलीमुळे उठून दिसतात. भिंतीवर ऊन येऊ लागते किंवा तिच्यावरून सरकू लागते ती वेळ एकदा टिपून ठेवावी आणि पुढच्या वेळी त्याच वेळेला जावे. ऊन नसेल तर विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरावी. अक्षरे स्पष्ट व्हावीत म्हणून त्यांवर खडू, तेल किंवा पीठ चोळणे अत्यंत चुकीचे आहे; त्याने दगडाचे कायमचे नुकसान होते. जिथे झाडांची पाने गळतात, तिथे फांद्यांमागची छपरे आणि तटाची वळणेही याच दिवसांत मोकळी होतात.

जिवंत गोष्टींसाठी मान वर आणि खाली दोन्हीकडे वळवावी लागते. कॉमन स्विफ्ट नावाची पाकोळी वर्षातले जवळपास दहा महिने हवेतच काढते आणि फक्त विणीसाठी जुन्या छपरांखालच्या फटींत शिरते. संध्याकाळी तिची किंचाळी ऐकू आली की फट कुठली ते पाहून ठेवावे, कारण डागडुजीत अशा फटी सहज बुजवल्या जातात. दगडांच्या सांध्यांत वाढणाऱ्या सिम्बलेरिया म्युरॅलिस या नाजूक वेलीचे लहानसे जांभळे फूल उजेडाकडे पाहत असते, पण बी धरल्यावर तिचा देठ उलटा वळतो आणि बोंड भिंतीच्या फटीत नेऊन सोडतो. गुडघे टेकून पाहिल्याशिवाय हे दिसत नाही. पांढरा लोणा, म्हणजे भिंतीवर फुटणारा क्षार, मात्र भिंत वाळत जाते तेव्हा आपोआप दिसतो. तो पुसू नये.

वहीत तारीख, वेळ, शेवटचा पाऊस होऊन किती दिवस झाले आणि आपण कुठे उभे होतो, एवढे लिहावे. छायाचित्र दर वेळी त्याच जागेवरून घ्यावे आणि त्यात न हलणारी एखादी खूण, जसे की खिडकी किंवा खांब, येऊ द्यावी. गवतावर अपरिचित रेघा दिसल्या तर तिथे खणून पाहू नये. छायाचित्रे आणि नेमकी जागा पुरातत्त्व खात्याला कळवावी, आणि तीही लवकर, कारण पुढच्या पावसाने त्या पुसल्या जातात.