जुन्या अंकात ‘निवर्तले’ दिसलं तर

कुलवृत्तांतासाठी पणजोबा कधी गेले ते शोधायला मंडळी जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली काढतात आणि ‘निधन’ हा शब्द धुंडाळत बसतात. माझं पहिलं सांगणं असतं: ‘निवर्तले’ही शोधा.

संस्कृतात निवर्तणं म्हणजे माघारी फिरणं. गीतेच्या पंधराव्या अध्यायातलं ‘यद्गत्वा न निवर्तन्ते’ ज्याला पाठ आहे, तो इथे हमखास अडखळतो. तिकडे ‘परतत नाहीत’ आणि इकडे निवर्तले म्हणजे गेलेच! मधला दुवा थांबण्याचा, संपण्याचा.

खरा घोळ होतो तो ‘निवृत्त’शी. धातू एकच, म्हणून ‘मामलेदार निवर्तले’ वाचून आजचा वाचक त्यांना पेन्शनीत काढतो. तेव्हा शेजारचे शब्द बघा. नमुन्यादाखल मीच जुळवलेलं हे वाक्य घ्या: ‘येथील जुने वकील रा. रा. अमुक हे गेल्या शनिवारीं रात्रीं अल्पशा आजारानें निवर्तले, हें कळविण्यास आम्हांस फार वाईट वाटतें.’ आजार, वय, मागे राहिलेली मुलंबाळं, संपादकाची हळहळ, यातलं काही जवळपास असलं की शंका नको. नावामागे ‘रा. रा.’ (राजमान्य राजेश्री) आहे म्हणून माणूस हयात समजू नका, ‘कै.’ पुष्कळदा पुढच्या उल्लेखापासून लागतं.

आता तारीख. ‘गेल्या शनिवारीं’ हे अंकाच्या वारावरून मोजायचं. ‘केसरी’ ४ जानेवारी १८८१ला, मंगळवारी सुरू झाला. मंगळवारच्या अंकात असं वाक्य असेल तर तीन दिवस मागे जा. पण बातमी परगावच्या बातमीदाराची असेल तर त्याच्या पत्रावरची तारीख आधी बघा, कारण टपाल पोचून छापेपर्यंत मधे एखादा शनिवार उलटून गेलेला असू शकतो.

नुसती तिथी आणि शक असेल तर इसवी सन काढायला शकात ७८ मिळवा. मात्र जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. शके १८१९चा आषाढ १८९७मध्ये येतो, माघ १८९८मध्ये. वंशावळीत वर्षाची चूक राहते ती बहुतेक इथेच.

स्कॅन केलेल्या अंकांत शोध घेताना ‘निवर्त्तले’ असंही टाका. रफाराखालचं अक्षर दुप्पट करायची जुनी रीत होती. ‘वर्त्तमान’ तसंच छापत. बाईंची नोंद हवी असेल तर ‘निवर्तल्या’. रफार उडून ‘निवतले’ झालेलं मशीन हसत हसत स्वीकारतं, म्हणून तेही टाकून बघा. सापडलं की अंकाची तारीख आणि मृत्यूची तारीख वहीत दोन वेगळ्या रकान्यांत लिहा.